हिराताईचा दिवस

त्या दिवशी सकाळी एका बाईच्या ब्लाउजचं माप घेत होते आणि फोन वाजला. पासलीहून टेम्पो घेऊन भोरला येणारा आमच्या भावकीतला सदाशिव बोलत होता. म्हणाला, "काकी, सुमनकाकी गेल्या." आणि मी त्याला विचारलं, "कोण सुमन?" खरंच विचारलं मी. तो बिचारा गडबडला. मग हळूच म्हणाला, "थोरल्या... तुमच्या जाऊबाई." माझ्या हातातली टेप खाली पडली. माप द्यायला आलेल्या बाईनंच मला धरून खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. सकाळी चहा पिऊन पडवीत बसली होती म्हणे, बसल्या जागी मान कलली आणि संपलं. आजारी नाही, काही नाही. भात पोटरीला आलेलं, पावसाचा जोर ओसरलेला, आणि ही बया अशी निघून गेली, कुणाकडून सेवा न घेता. तिचा स्वभाव तसाच होता म्हणा.

सगळं पासली गाव तिला सुमन म्हणून ओळखत होतं. मी मात्र तिला तिच्या जन्माच्या नावानं ओळखत होते. हिरा. आमचं माहेर एकच, हिर्डोशी, घराला घर लागून. माझ्यापेक्षा ती तीन-चार वर्षांनी मोठी, म्हणून हिराताई. तेव्हा वरंध घाटाच्या अंगाला एसटी कधी यायची, कधी नाही यायची, माणसं आपली चालत. हिराताई तर कायम रानात. करवंदाच्या जाळीत घुसायची, हसायची ती असं खदखदून की खालच्या आळीला ऐकू जावं. तिच्या आईचा सगळा जन्म तिला हाका मारण्यात गेला. संध्याकाळ झाली की बांधावर उभी राहून ती माउली ओरडायची, "हिराss, ए हिराss," आणि ही कुठल्या तरी खाचरातून चिखलानं बरबटलेली वर यायची. ती हाक आमच्या आळीचं घड्याळ होती. ती ऐकली की आम्ही दिवे लावायचो.

लग्न होऊन ती पासलीला गेली आणि तिथं तिचं नाव बदललं. त्या काळी बदलायचेच. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहायचं, झालं, जुनी पोरगी संपली. पण हिराताईचं नाव बदलायचं कारण ऐकाल तर हसाल. सासरी आधीच एक हिरा होती. म्हैस. सासूबाईंची लाडकी, दोन्ही वेळ चरवी भरून दूध देणारी. आता एका घरात दोन हिरा कशा चालतील? आणि म्हशीचं नाव कोण बदलणार, ती दूध देत होती. मग सुनेचं बदललं. सुमन ठेवलं. ही गोष्ट हिराताई स्वतःच रंगवून सांगायची, म्हशीची नक्कल करून सांगायची, आणि ऐकणारे पोट धरून हसायचे. मी मात्र कधी हसले नाही. मला रागच यायचा, आजही येतो.

पुढं तिनंच खटपट करून माझं लग्न तिच्या धाकट्या दिराशी जमवलं. मी पासलीला पोचले त्याच दिवशी अंगणात "हिराताई" म्हणून तिच्या गळ्यात पडले, तर सासूबाई कडाडल्या, "हितं हिरा गोठ्यात हाय. ही सुमन. थोरली जाऊ हाय तुजी, बाई म्हन." माझं कमल हे नाव मात्र त्यांना आवडलं, म्हणून तेवढं वाचलं. त्या दिवसापासून चारचौघांत मी तिला बाई म्हणू लागले. रानात, लाकडाला, भाताच्या आवणीला दोघीच असलो की हिराताई. म्हैस गेली, सासूबाई गेल्या, आम्ही पोटापाण्यासाठी भोरला येऊन राहिलो, तरी तीच सवय राहिली. मला वाटायचं, आता सगळ्या पासलीत तिला या नावानं बोलावणारी मी एकटीच आहे. मनातल्या मनात मला त्याची थोडी घमेंडही होती.

तिच्याबद्दल लिहायला बसलं की माझी छाती फुगते, खोटं कशाला बोलू. सातवी शिकलेली बाई. भाताची खाचरं, उतारावरची नाचणी, दावणीला जनावरं, हे सगळं ओढून तिनं एकुलत्या एका लेकीला पुण्याला इंजिनियर केलं. भावकी म्हणत होती, पोरीला इतकं शिकवून काय करणार. हिनं कुणाशी वाद घातला नाही, फक्त ऐकलं नाही. मनीषा शिकली, नोकरीला लागली, जावईही तसाच मिळाला, आणि दोघं मोटारीचे भाग बनवणाऱ्या कुठल्याशा कारखान्यात, चेक देशात गेली. तो देश कुठं आला म्हणून मी विचारलं, तर हिराताई मला समजावते, "आगं, जर्मनीच्या पल्याड. आपलं वेल्ह्याच्या पल्याड पासली हाय ना, तसंच." मनीषाच्या बाळंतपणाला ही एकटी विमानात बसून गेली. मुंबईपर्यंत तिला सोडायला गेलेल्या तिच्या नवऱ्याचाच, आमच्या भावजींचाच चेहरा उतरला होता, ती आपली डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन ऐटीत.

पाच-सहा महिन्यांनी परतली ती पासलीला जायच्या आधी माझ्याकडं भोरला उतरली. पाय दुमडून बसली आणि सांगायला लागली. मनीषाच्या शेजारी आना नावाची म्हातारी राहायची. एकटीच. दोघींना एकमेकींचं ओ की ठो कळायचं नाही, पण गच्चीला गच्ची लागून, त्यामुळं रोज भेट. पहिल्याच दिवशी आनानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवून "आना" म्हटलं आणि हिच्याकडं बोट केलं. आणि हिच्या तोंडून निघालं, "हिरा." सुमन निघालं नाही. तेव्हापासून ती म्हातारी रोज सकाळी गच्चीतून हाक मारायची, "हिरा." मला हे सांगून म्हणाली, "कमल, इतक्या वर्षांनी कुनी मोठ्यानं हाक मारली बघ."

मग त्यांच्या उन्हाळ्यात एक दिवस आनाच्या दारात सकाळपासून माणसांची रीघ. कुणी फुलं आणतंय, कुणी मिठाईचा डबा. हिराताईला वाटलं, वाढदिवस असेल. मनीषानं सांगितलं, वाढदिवस नाही, आज 'आना' या नावाचा दिवस आहे. त्यांच्या देशात कॅलेंडरच्या जवळजवळ प्रत्येक तारखेला एकेक नाव छापलेलं असतं. ज्याचं नाव त्या दिवशी येईल त्याचा तो सण. त्याला ते लोक स्वातेक म्हणतात. रेडिओवर सकाळी सांगतात आज कुणाचा दिवस, फुलवाले दुकानाबाहेर पाटी लावतात. जन्मतारीख ज्याची त्याला ठाऊक, वय विचारायचं नाही, पण नाव तर सगळ्यांनाच माहीत असतं, म्हणून नावाच्या दिवशी कुणीही दारात येऊ शकतं. हिराताईनं त्याच दिवशी पुरण शिजवलं, पोळ्या केल्या आणि आनाच्या हातावर ठेवल्या. आनानं तिचं कॅलेंडर भिंतीवरून काढलं, पानं उलटून उलटून 'हिरा' शोधलं. नव्हतंच. कसं असेल? म्हातारीचा चेहरा पडला. हिराताईनं तिच्या पाठीवर हात फिरवला आणि मनीषाला म्हणाली, सांग तिला, माझा दिवस ह्यांच्याकडं हाय. आता हे काय बोलणं? मनीषाला वाटलं, आईला घरची आठवण आली.

पासलीला पोचल्यावर या बाईनं काय केलं असेल? वेल्ह्याच्या बाजारातल्या दुकानदारानं फुकट दिलेलं कॅलेंडर स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवलं आणि आमच्या वाडीतल्या माणसांना दिवस वाटायला सुरुवात केली. पहिल्या झटक्यात फजिती झाली ती अशी. वाडीतल्या जुन्या माणसांना तिनं विचारलं, तुमचा दिवस कोणता धरू, तर एकामागून एक सगळ्यांनी सांगितलं, एक जून. तुम्हाला ठाऊकच आहे, पोराला शाळेत घालताना जन्मतारीख माहीत नसली की मास्तर एक जून लावायचे. कागदोपत्री आमची अर्धी वाडी एकाच दिवशी जन्मलेली. सगळे म्हातारे हटून बसले, आमचा दिवस कागदावर हाय, तोच पायजे. हिराताई म्हणाली, "तो मास्तरचा दिवस हाय. तुमचा न्हाई." आणि तिनं नियम घातला की आपला दिवस आपण घ्यायचा नाही. तो दुसऱ्यानं द्यायचा, आणि का दिला ते सांगायचं. पांडूतात्यांना त्यांच्या बहिणीनं नाचणी लावायच्या दिवसांतला एक दिवस दिला, कारण आई सांगायची, हा झाला तेव्हा उतारावर नाचणी लावायला माणूस नव्हतं. तात्या सत्तरी ओलांडलेले. आपण कधी जन्मलो ते त्यांना तेव्हा कळलं.

दुसरा नियम त्याहून भारी. त्या दिवशी दारात जाऊन आईबापानं ठेवलेल्या नावानं हाक मारायची. वहिनी नाही, काकू नाही, अमक्याची आई नाही. पहिली हाक घरातल्यानं मारायची, मग गावानं. खर्च करायचा नाही, परसातली दोन फुलं न्यायची आणि गुळाचा चहा प्यायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण बायकांची नावं शोधताना वाडीला घाम फुटला. घरोघरी दोन-दोन नावं, एक कागदावरचं, एक माहेरचं, आणि माहेरचं कुणाला ठाऊकच नाही. आमच्या घरामागं बबनची आई राहायची. नव्वदीची असेल. तिला सगळे बबनची आईच म्हणत. हिराताई तिच्याजवळ जाऊन बसली, नाव विचारलं, तर म्हातारी हसायला लागली, मला कशाला आता नाव. हिराताई रोज जायची, काही न विचारता तिच्या पायाला तेल लावून यायची. एका दुपारी म्हातारी आपणहून म्हणाली, "गोदा म्हनायचे मला." बबन तिथंच बसला होता. साठीचा गडी, त्यानं आईचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

गोदाआजीच्या दिवशी मी मुद्दाम भोरहून गेले होते. तेरड्याची फुलं घेऊन सगळी वाडी दारात. बबनच्या तोंडातून नावच निघेना, आईला नावानं कसं बोलवायचं म्हणून लाजत होता. हिराताईनं कोपरानं ढोसल्यावर त्यानं एकदाची हाक मारली, आणि मग आम्ही सगळ्यांनी, "गोदाss, ए गोदाss." आत भांड्याचा आवाज झाला. म्हातारी भिंत धरत, पदर सावरत लगबगीनं उंबऱ्याशी आली आणि म्हणाली, "आले गं आये." आईला ओ दिली तिनं. मी तर तोंडाला पदर लावून गोठ्यामागं जाऊन रडून घेतलं... तो हिवाळा काढून गोदाआजी गेली. तिच्या दारावरून जाताना आता कुणी बबनच्या आईचं घर म्हणत नाही.

गमतीही कमी झाल्या नाहीत. आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, घेतलं तर उखाण्यात. नवऱ्याच्या दिवशी पहिली हाक बायकोनं मारायची म्हटल्यावर एकेकीची पाचावर धारण बसली. एक तर घरात जाऊन कडी लावून बसली. हिराताईनं मग आधी स्वतः करून दाखवलं. भावजींचा दिवस होता, ती अंगणात उभी राहिली आणि उखाणा नाही, काही नाही, खणखणीत आवाजात "शंकर" म्हणून हाक मारली. भावजी कानापर्यंत लाल झाले, टोपी घातली आणि चहा न पिता शेताकडं निघून गेले. वाडीला हसायला दोन महिने पुरलं.

पण तिची मोठी कामगिरी माझ्याच घरातली आहे. माझ्या मुलाचं लग्न होतं. मुलगी भोरचीच, अश्विनी. वरात आली, ताटात तांदूळ पसरले, आमच्या आत्याबाईंनी नवं नाव ठरवून आणलेलं. पोरगी मान खाली घालून बसलेली. हिराताई पुढं झाली, तांदळावर आपला पंजा ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "हिचं नाव ऱ्हाईल. हिच्या आईनं दिवस दिलाय हिला, म्या लिवून घेतलाय." आत्याबाईंचा तिळपापड झाला. हिराताईनं पंजा उचलला नाही. शेवटी मुलानं तांदळावर 'अश्विनी'च लिहिलं. त्यानंतर आमच्या वाडीत एकाही सुनेचं नाव बदललेलं नाही. आजूबाजूच्या वाड्यांनीही हे उचललं. वेल्ह्याच्या बाजारात फुलं विकणारी बाई आता पासलीचं माणूस दिसलं की विचारते, आज कुणाचा दिवस? कुणी मला विचारलं की तुमच्या जाऊबाईंनी काय केलं, तर मी ताठ मानेनं एवढंच सांगते.

आणि इतकं करून तिचा स्वतःचा दिवस नव्हता. सगळ्या वाडीला दिवस मिळाले, गुराख्याला मिळाला, भांडकुदळ शेजारणीला मिळाला, हिला नाही. आपला दिवस आपण घ्यायचा नाही, पहिली हाक घरातल्यानं मारायची, नियम तिचेच. घरात उरले दोघं. म्हणजे हे काम भावजींचं. वाडीतल्या बायका तिला विचारून थकल्या. प्रत्येक वेळी तिचं एकच उत्तर, "माझा ह्यांच्याकडं हाय." आणि गालात हसायची. मला ते हसू सहन व्हायचं नाही. माझ्या डोळ्यांपुढं हिर्डोशीच्या बांधावरची ती हाक उभी राहायची. पासलीच्या अंगणात, सगळ्यांच्या देखत एकदा तरी तिला तिच्या नावानं कुणी बोलवावं, एवढंच मला हवं होतं. जिनं म्हाताऱ्या-कोताऱ्यांना नावं परत दिली, तिला मरेपर्यंत म्हशीपायी दिलेलं नाव वागवायला लागावं, हा कुठला न्याय?

एकदा मी भावजींना गाठलंच. थोरले दीर, त्यांच्यापुढं मी कधी मोठ्यानं बोलले नव्हते. नांगराचा फाळ ठोकत बसले होते. मी म्हटलं, तुम्हाला एक हाक मारायला काय जड जातं, सगळ्या गावानं केलं, तुमच्याच तोंडाला काय झालंय. त्यांनी वरसुद्धा पाहिलं नाही. "आमच्या घरचं आमी बघू," म्हणाले आणि ठोकत राहिले. मी तणतणत हिराताईकडं गेले, तर ती उलट माझ्यावरच चिडली. म्हणाली, त्यांना बोलू नको, तुला काय ठाऊक. त्यानंतर वर्षभर मी भावजींशी धड बोलले नाही. अशा माणसाबरोबर हिनं जन्म काढला, याचं मला वाईट वाटायचं.

...आणि अशातच ती गेली. दहाव्याला गर्दी मावेना. गावोगावच्या बायका आल्या, तिनं दिलेल्या दिवसांबद्दल बोलल्या. मनीषा लेकराला घेऊन आली होती. पंचायतीच्या लोकांनी मोठा फ्लेक्स लावला होता, त्यावर तिचा फोटो आणि खाली 'सुमनताई'. भाषणांतही सुमनताई, सुमनताई. मला वाटलं उठावं आणि ओरडून सांगावं, पण तेराव्याच्या आत घरात तमाशा नको म्हणून गप्प बसले. भावजी फ्लेक्सकडं पाठ करून बसले होते. एकदाही वळून पाहिलं नाही त्यांनी. मला तेव्हा त्याचाही राग आला.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. त्यांनी स्वतः मला कधी फोन केला नव्हता. म्हणाले, उद्या सकाळी सगळी या, तिचा दिवस हाय. आम्ही पहिल्या एसटीनं निघालो, वेल्ह्याला उतरून टेम्पोनं पासलीला पोचलो. भातकापणी जोरात होती, तरी अंगणात वाडी जमलेली. दाराला झेंडूचं तोरण. धुतलेलं धोतर, टोपी घालून भावजी अंगणात उभे. नियमाप्रमाणं त्यांनी आधी कारण सांगितलं. म्हणाले, "भातकापनीत हिर्डोशीला पावन्यांकडं गेलो हुतो. बांधावर एक बाई हाका मारत हुती, हिरा, हिरा. आन ही खाचरातनं वर आली. म्या तवाच घरी येऊन सांगितलं, करीन तर हिच्याशी. म्या हिराला करून आनली. सुमनला न्हाई." मग म्हणाले, त्या ताटात सुमन लिहिलं तेवढंच, तोंडानं ते नाव त्यांनी जन्मात कधी उच्चारलं नाही.

खरंच की. मी आठवून पाहिलं. अगं म्हणत, ऐकलं का म्हणत, मनीषाची आई म्हणत. सुमन म्हणताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं. इतकी वर्षं घरात वावरून मला ते दिसलं नव्हतं. मला रडू फुटलं आणि रागही आला. मी भर अंगणात विचारलं, "मग भावजी, ती असताना का नाही हो हाक मारलीत?"

ते माझ्याकडं बघून हसले. तिच्यासारखंच, गालात.

"दरसाल मारायचो की. आजच्याच दिवशी, चुलीपाशी. आईच्या धाकानं हळू मारायचो. आई गेल्यावर म्हनलं, आता भायेर मारतो, तर तीच म्हनली, नगं, येवढं आपल्या दोघांतच ऱ्हाऊ द्या. हळू मारा." त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. "आता हळू म्हनायला ती न्हाई."

आणि उंबऱ्याकडं तोंड करून भावजींनी हाक मारली. "हिराss." इतकी मोठी की खालच्या खाचरात कापणीला वाकलेल्या बाया ताठ झाल्या, विळे हातातच ठेवून वर बघायला लागल्या, आणि मग तिथूनच, एकामागून एक, त्यांनीही तिला नावानं हाक मारली.